वाफेचे अक्षर

माझ्या अक्षराच्या कडा हात थरथरत होता म्हणून फाटलेल्या नाहीत, हे मी आरंभीच सांगून ठेवतो. ज्याला पुढचे वाचायला सवड नसेल त्याने एवढे एक वाक्य घेऊन जावे आणि जिथे जिथे माझ्या नावाने दुसरे काही सांगितले जाते, तिथे ते ऐकवावे. माझे वय चौऱ्याहत्तर आहे. मी अजूनही चष्म्याशिवाय भिंतीवर दहा हात लांब सरळ रेघ ओढतो. ज्याला शंका असेल त्याने भिंत घेऊन यावे.

फाल्गुन लागला की आमच्या गोरेगावच्या शिवारात हळद शिजू लागते. लग्नातल्या हळदीचा वास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा वास ओळखू येणार नाही. तो वास उटण्याचा, हसण्याखिदळण्याचा. हा वास ओल्या मातीचा, कडू मुळीचा, आणि ज्या खोलीत बरेच दिवस कोणी आजारी निजले आहे त्या खोलीचा. तो कपड्यांत बसतो, पाण्याच्या माठात उतरतो, भाकरीला लागतो. सकाळी पाहावे तर तपकिरी रानांवर ठिकठिकाणी पांढऱ्या वाफेचे खांब उभे असतात, आणि वारा पडलेला असला तर ते खांब हलतही नाहीत. नवख्या माणसाला ते दृश्य सुंदर वाटते. मी गेली वीस-बावीस वर्षे फाल्गुनात पूर्वेकडची खिडकी उघडत नाही.

यंदा मात्र वासाच्या आधी अक्षर आले.

जीप थांबतात त्या चौकात मी उभा होतो. समोर कोणा तरुण पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक लागला होता. चाळीस चेहरे, चाळीस काळे चष्मे, आणि खाली शुभेच्छा. त्या शुभेच्छा माझ्या अक्षरात होत्या. माझ्यासारख्या अक्षरात नव्हे; माझ्या. ‘ह’ची ती मान मोडलेली गाठ, ‘र’चा तो कुऱ्हाडीने तोडल्यासारखा पाय, शिरोरेषेचा तो दातेरी वरचा काठ. जाड-बारीक असा भेद कुठेच नाही, सगळीकडे एकच जाडी, जणू जळक्या फळीतून कापून काढलेले. मी मान वळवली. बिर्याणीच्या दुकानावर तेच अक्षर. शिकवणीच्या वर्गावर तेच. ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ यांच्या मधल्या बदामाखाली तेच. मी ते लिहिले नव्हते, आणि ते माझ्याच हाताचे होते. चौकात माणसे चहा पीत होती, जीपवाले कळमनुरी कळमनुरी म्हणून ओरडत होते, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर एक इशारा लटकत होता, जो कोणालाही इशारा वाटत नव्हता.

हे कसे घडले तेही सांगतो, कारण त्याच्याही दोन-तीन आवृत्त्या गावात फिरत आहेत.

चार-एक वर्षांपूर्वी पुण्याहून तन्वी नावाची एक मुलगी आली होती. जुन्या पाट्यांचे फोटो काढत गावोगाव हिंडत होती. मुलगी नम्र होती. खोटे कशाला बोलू. माझे गुरू उस्ताद करीम यांच्या पडक्या छपरीत एक गंजका पत्र्याचा ड्रम पडला आहे. त्यावर मी लिहिलेले दोन शब्द अजून आहेत: ‘दूर रहा’. तिने त्या ड्रमचे शंभर फोटो काढले. आणखी दोन-चार ड्रमांचे काढले. मला विचारून काढले, आणि मी छाती फुगवून हो म्हटले. नंतर तिने त्या थोड्या अक्षरांवरून उरलेली सगळी बाराखडी बनवली आणि संगणकात घातली. त्या लिपीला नाव दिले ‘ओबड’. ती फुकट ठेवली, म्हणून ती शेणकिड्यासारखी गावोगाव पसरली. तिच्याबरोबर एक टिपण होते. ते शेजारच्या मास्तरांनी मला वाचून दाखवले: मराठवाड्यातील एका अप्रशिक्षित लोककलावंताच्या थरथरत्या, निरागस हातातून उतरलेली अक्षरे.

अप्रशिक्षित. थरथरता. निरागस. तीन शब्दांत तीन खोट्या गोष्टी मी माझ्या आयुष्यात दुसऱ्या कुठे पाहिलेल्या नाहीत.

उस्ताद करीम हे मूळचे कातिबाच्या, म्हणजे उर्दू लेखनिकाच्या, घरातले. त्यांच्या वडिलांनी दस्त लिहिले, त्यांनी पाट्या लिहिल्या. उर्दू उजवीकडून, मराठी डावीकडून, आणि दोन्ही मध्यावर बराबर येऊन भेटायच्या. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मला अठरावे लागले होते. वडील म्हणाले होते, आपल्या वस्तीतल्या कोणाचे अक्षर गावाच्या वेशीवर लागले तर गाव ते वाचल्याशिवाय आत जाऊ शकणार नाही. उस्तादांनी मला वर्षभर रंगाला हात लावू दिला नाही. छपरीसमोर एक काळा दगड होता. त्यावर पाण्यात बुडवलेल्या कुंचल्याने उभी रेघ ओढायची. ऊन ती पिऊन टाकायचे. पुन्हा ओढायची. मी कंटाळून एकदा म्हणालो, “उस्ताद, राहतच न्हाई तर ओढू काहून?”

ते विडी विझवत म्हणाले, “जे राहत न्हाई ते नीट ओढायला शिक, भीमा. जे राहतं ते मग आपोआप नीट येतं. आन् नीट आलं न्हाई, तर ते बी राहतंच. तीच तकलीफ हाय.”

हे माझे अप्रशिक्षण. नऊ वर्षांचे.

पूर्वी हळद कढईत शिजायची. बैलगाडीच्या चाकाएवढी लोखंडी कढई, वर पाला आणि ओली पोती, खाली चुलाण. कढईचा धोका उघडा होता. पाणी उकळताना दिसायचे, ऐकू यायचे. रांगते लेकरूसुद्धा त्या आवाजाने मागे सरायचे. मग आमच्या भागात पहिला बॉयलर आला. दत्तराव नावाच्या बागायतदाराने तो आणला. चाकांवरची लोखंडी टाकी, तिच्या पोटाखाली जाळ, आणि नळ्यांनी जोडलेले चार उभे ड्रम. टाकीतली वाफ नळीतून ड्रममध्ये जाते आणि कढईत अर्धा दिवस घेणारी हळद अर्ध्या तासात मऊ होते. गाव पाहायला लोटला. दत्तरावांनी आम्हा दोघांना बोलावून सांगितले, देवाचे नाव लिहा, दोन बाजूंना कमळे काढा.

उस्तादांनी बॉयलरभोवती एक फेरी मारली. मागच्या अंगाला, जिथे नळ्यांचे सांधे आणि शिट्टी होती, तिथे ते बराच वेळ थांबले. लोखंड गप्प होते. आत काय चालले आहे याचा बाहेर मागमूस नव्हता. ते म्हणाले, “कढईला तोंड होतं. ह्याला न्हाई. ह्याला तोंड काढून द्यायला पाहिजे.”

तेव्हा ते अक्षर जन्मले. पहिल्यांदा मी ‘दूर रहा’ माझ्या नेहमीच्या वळणात लिहिले. गोल, भरदार, कडा सुरीने कापल्यासारख्या. तीन दिवसांत तापलेल्या पत्र्यावर रंगाला फोड आले, कडा सुटल्या, ‘र’चा पाय गळाला, आणि कामावरच्या बाया हसू लागल्या. स्वच्छ कडेचे हे दुर्दैव असते. ती थोडी जरी तुटली तरी माणसाला दिसते की काहीतरी बिघडले आहे, आणि बिघडलेल्या गोष्टीचे कोणी ऐकत नाही. उस्ताद दोन दिवस छपरीत बसून राहिले. मग म्हणाले, “आपण आधीच तोडलेलं अक्षर लिहू. जाळाला तोडायला काही ठेवायचंच न्हाई.”

शिंदीच्या फोकाचे टोक दगडावर ठेचून त्यांनी कुंचला केला. रंग दह्यासारखा दाट ठेवला. लिहायचे ते ड्रम अर्धा निवलेला असताना, म्हणजे रंग पत्र्याला चावा घेतो. प्रत्येक रेघ एका दमात ओढायची आणि शेवटी कुंचला उचलायचा नाही, खेचून तोडायचा. ती फाटलेली कड माझ्या हाती बसायला तीनशे वेळा लिहावे लागले. फळ्या भरल्या, पत्रे भरले. कडेचा प्रत्येक दात माझ्या मनाने, माझ्या मनगटाने पडत होता. ज्यांना तो अपघात वाटतो त्यांनी कुंचला घेऊन एक दात पाडून दाखवावा.

आणि एक रीत उस्तादांनी घातली. चुलाण पेटवण्याआधी, नारळ फुटल्यावर, कामावरच्या सगळ्या बायांना रांगेत उभे करायचे. त्यांतल्या बहुतेकींना वाचता येत नव्हते. बॉयलर थंड असायचा. प्रत्येकीने पुढे यायचे, त्या अक्षरावर तळवा ठेवायचा, आणि त्या जाड रंगाच्या खरबरीत कडांवरून बोटे फिरवायची. उस्ताद प्रत्येकीला तेच वाक्य म्हणायचे, “लावला हात? आता ह्याला पुन्हा लावायचा न्हाई.” डोळ्यांनी न वाचणाऱ्यांनी हाताने वाचलेले अक्षर होते ते. मी पुढे कित्येक हंगाम पाहिले, हसत-बोलत येणाऱ्या बाया त्या अक्षराशी आल्या की पदर सावरून लांबून वळसा घ्यायच्या. एकदा एक आंधळी म्हातारी रांगेत आली होती. तिने हात लावला आणि म्हणाली, “अवं, हे तं चावतं.” उस्तादांनी त्या दिवशी मला पहिल्यांदा आणि शेवटचे शाबास म्हटले.

तो कुंचला वेगळ्या खिळ्यावर टांगलेला असे. दुकानाला, लग्नाला, शाळेला, देवळाला तो लावायचा नाही. “हे वाफेचं अक्षर हाय,” उस्ताद म्हणायचे. “धंद्याचं न्हाई.”

आता त्या हंगामाविषयी. लोक त्याच्याविषयी बरेच बोलतात, आणि मी वीस-बावीस वर्षे प्रत्येकाशी भांडत आलो आहे.

तो फाल्गुन कोरडा आणि विचित्र होता. सकाळी गारठा, दुपारी अंग भाजणारे ऊन. पळस नेहमीपेक्षा आधी फुलला आणि लवकर गळालाही. वाटेवर पाकळ्यांचा चिखल झाला होता. दत्तरावांचा बॉयलर दिवसाला दोन शेते फिरत होता. त्याच्यावर काम करणाऱ्या बायांत पुसेगावची सुभद्रा होती. तिशीतली, उंच, तोंडाने फटकळ. ती मला पेंटरभाऊ म्हणायची आणि माझ्या टोपीची टिंगल करायची. एका सकाळी ती दंवाने भिजलेला पदर वाळवायला बॉयलरच्या मागच्या अंगाला गेली, बरोबर अक्षराखाली, आणि बॉयलरकडे पाठ करून उभी राहिली. वाफेला रंग नसतो. ती बाहेर आल्यावर पांढरी दिसते, तोवर उशीर झालेला असतो. सांधा सुटला. जो आवाज झाला तो मी पलीकडच्या शेतातून ऐकला. त्यानंतर काही क्षण शिवारात एकही पाखरू बोलले नाही, आणि मग सुभद्रा बोलली. ते मी लिहिणार नाही.

ती वाचली. डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत आणि मानेची एक बाजू भाजून गेली.

दत्तराव म्हणाले, “बाईनं ऐकलं न्हाई, मी काय करू?” बॉयलरचा मिस्त्री म्हणाला, सांध्यातला वायसर झिजला होता, आणि ते त्याने आधीच सांगितले होते. या दोघांशी मी भांडलो, पण माझी खरी लढाई तिसऱ्या आवृत्तीशी होती. गावात कोणीतरी पिल्लू सोडले की बॉयलरवरचे अक्षर पार उडून गेले होते, वाचता येत नव्हते, पेंटरने हलका रंग मारला होता. हॉटेलात बसून चार टाळकी हे बोलत होती. मी त्यांची कॉलर धरून, हो, कॉलर धरून, त्यांना बॉयलरपाशी नेले. अक्षर जसेच्या तसे होते. एक दात पडलेला नव्हता. मी ओरडलो, “दाखवा! कुठं उडालंय? दाखवा ना!” ते खजील झाले. मी जिंकलो. नंतरही जेव्हा जेव्हा विषय निघाला तेव्हा मी जिंकलो, कारण अक्षर खरोखरच शाबूत होते, आणि कोणालाही त्याच्यापुढचा प्रश्न विचारायचे सुचले नाही.

तो प्रश्न असा: अक्षर शाबूत होते, सुभद्रेने त्याला हात लावून ओळख करून घेतलेली होती, चार हंगाम ती त्याला वळसा घालत आली होती, मग त्याच सकाळी तिला त्याची भीती का वाटली नाही?

त्या आधीच्या आठवड्यात महाशिवरात्रीची जत्रा भरली होती. तेव्हा छापील फलक नुकतेच आले होते आणि आम्हा रंगाऱ्यांकडे कोणी फिरकत नव्हते. पण मला कामाची चणचण होती म्हणून हे घडले, असे मी म्हणणार नाही. ती सोयीची आवृत्ती होईल. घडले ते असे की जत्रेतला एक हलवाई माझ्याकडे येऊन म्हणाला, “पेंटरसाहेब, ते बॉयलरवरचं अक्षर तुमीच लिव्हलं व्हय? कोसावरून दिसून राहिलं ना! छापील बोर्डाच्या बापाला जमणार न्हाई. मला तसंच पाहिजे, बराबर तसंच.” साहेब म्हणाला तो मला. मी उस्तादांच्या छपरीत गेलो. ते झोपले होते. खिळ्यावरचा कुंचला घेतला आणि पिवळ्या पत्र्यावर तांबड्या रंगात लिहिले: ‘गरम जिलेबी’.

संध्याकाळी सुभद्रा आणि कामावरच्या बाया जत्रेत आल्या. पाटी पाहताच ती थबकली. मग टाळी वाजवून हसली. “अगं बाई! हे तं आपल्या बॉयलरवरचं!” तिने पुढे होऊन पाटीवर तळवा ठेवला. “लावा गं, लावा समद्याजणी. इथं काही होत न्हाई.” बायांनी एकेक करून हात लावला, खिदळल्या, आणि तिथेच उभ्या राहून जिलेबी खाल्ली. मी बाजूला उभा होतो. मीही हसत होतो. मला केवढा अभिमान वाटला होता, की ज्यांना वाचता येत नाही त्यांनी माझे अक्षर गर्दीत ओळखले.

परत येऊन मी कुंचला खिळ्याला लावला. सकाळी उस्ताद म्हणाले, “भीमा, कुंचला ओला काहून हाय?”

“धुतला, उस्ताद.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी पाहणे सोडले. अपघातानंतर त्यांनी तो कुंचला खिळ्यावरून काढून आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवला. मला काही विचारले नाही. पुढच्या पावसाळ्यात ते गेले तेव्हाही विचारले नव्हते.

सुभद्रेला भेटायला मी दवाखान्यात गेलो होतो. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. मी वायसरविषयी काहीतरी बोललो. ती न वळता म्हणाली, “भाऊ, जत्रंत हात लावला तवा काही झालं न्हाई ना. म्हणून मला वाटलं, आता ते अक्षर थंड झालं.”

हे मी आजपर्यंत कोणाला सांगितले नव्हते. तिनेही सांगितले नाही. वायसर झिजला होता, दत्तराव बेफिकीर होते, हे सगळे खरेच आहे. पण ती तिथे उभी राहिली ती माझ्यामुळे. एका अक्षरात जी आग उस्तादांनी भरली होती ती मी एका संध्याकाळी जिलेबीच्या पाकात विझवली.

म्हणून चौकातला तो वाढदिवस पाहून मी घरी न जाता तडक मास्तरांकडे गेलो. मी एकच पाटी लिहिली होती. आता ती लाखाने लिहिली जात होती.

मी मास्तरांकडून तन्वीला फोन लावून घेतला.

“आजोबा!” तिला मनापासून आनंद झाला होता. “तुमचं अक्षर बघितलंत का? सगळीकडे वापरतायत. लोकांना त्यातला निरागसपणा फार आवडतो.”

“बाई,” मी म्हणालो, “ते अक्षर माणसाला भिववण्यासाठी केलेलं आहे.”

ती हसली, मग थांबली. मी तिला बॉयलर सांगितला, रीत सांगितली. जत्रा सांगितली नाही.

“मला हे माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “मी टिपण बदलते. आजच बदलते.”

“टिपण कोण वाचतं? अक्षर परत घे.”

“ते आता घेता येत नाही, आजोबा. हजारो लोकांकडे गेलंय. मी काढून टाकलं तरी ते त्यांच्याकडे राहणारच.”

नीट आले नाही तरी राहतेच. मी फोन मास्तरांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या शेतात नवा बॉयलर लागला. परजिल्ह्यातून आलेला, निळा, चकचकीत, आठ ड्रमांचा. मी काठी टेकत गेलो. मागच्या अंगाला, शिट्टीच्या खाली, कारखान्याने छापील कागद चिकटवला होता: ‘दूर रहा’. ओबड अक्षरात. बिर्याणीच्या दुकानावर होते तेच, बदामाखाली होते तेच. आणि त्या कागदाखाली चाकाला पाठ टेकून तीन बाया भाकरी खात बसल्या होत्या. वर नळीचा सांधा बारीक सुरात सूं सूं करत होता, जसे कोणी दातांतून श्वास घ्यावा.

“उठा,” मी म्हणालो. “इथून उठा.”

“काहून, बाबा?” त्यांतली एक विशीची पोरगी म्हणाली. तिचे नाव शबाना. “सावली हाय इथं.”

“वर काय लिहिलंय ते दिसत न्हाई का?”

तिने मान वर करून पाहिले. तिला वाचता येत होते. दहावी झालेली होती. “दिसतं ना. हे तं बिर्याणीच्या दुकानावर बी हाय,” ती म्हणाली, आणि तिघी हसल्या. त्या हसण्यात काही वाईट नव्हते. ते हसणे मी आधी ऐकलेले होते. पिवळ्या पत्र्यासमोर.

बॉयलर चालवणारा गडी पुढे आला. “काका, घाबरू नका, समदं ऑटोमॅटिक हाय. व्हॉल्व्ह नवा हाय.” मी म्हणालो, मला रंग लावू दे, मी लिहून देतो. तो म्हणाला, “कंपनीचा स्टिकर हाय. त्यावर रंग मारला तर वॉरंटी जाती.” आणि मी लिहिले तरी काय लिहिणार होतो? तेच अक्षर? ते आता वाढदिवसाचे होते. दुसरे अक्षर घडवायला उस्ताद नव्हते, आणि तीनशे वेळा लिहिण्याइतके फाल्गुन माझ्याजवळ नव्हते. पुसेगावपासून कळमनुरीपर्यंत त्या क्षणी किती ठिकाणी वाफ उभी होती आणि तिच्याखाली कोण कोण सावलीला बसले होते, याचा विचार करत मी शेताच्या बांधावरून चौकाकडे निघालो.

मग मी पुसेगावला गेलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

सुभद्राबाई अंगणात लसूण सोलत होती. एका हाताने आणि दातांनी. केस पिकले आहेत. डावा हात लांब बाहीत झाकलेला. मला पाहून ती म्हणाली, “टोपी अजून तीच व्हय? मला वाटलं, तुमच्याआधी ती मरंल.”

मी उभ्या उभ्या सगळे सांगितले. चौक, फोन, शबाना, सावली. शेवटी म्हणालो, “तुम्ही कधी कोणाला सांगितलं नाही. का?”

“सांगून काय? हात माघारी येणार व्हता?” तिने एक पाकळी सोलून वाटीत टाकली. “आन् तुमी लई भांडत व्हता भाऊ, गावभर. मला वाटायचं, भांडता भांडता एक दिवस खरं बी बोलून जातील. म्हणून वाट पाहिली.” ती उठली. “चला. जीप हाय का गेली?”

आम्ही पोचलो तेव्हा दुपारची पाळी बदलत होती. चुलाणातला जाळ उतरला होता. बाया पुन्हा मागच्या अंगालाच सावलीत टेकल्या होत्या. सुभद्राबाई बॉयलरपासून वीस पावलांवर थांबली. त्याच्या पुढे तिचे पाय गेले नाहीत. तिथूनच तिने हाक मारली, “ए पोरींनो, इकडं या गं जरा.” त्या आल्या. तिने काही समजावून सांगितले नाही. डाव्या हाताची बाही खांद्यापर्यंत वर केली.

शबानाने तोंडावर ओढणी धरली. सुभद्राबाईने तिचा हात मनगटाला धरून खाली घेतला, आणि त्या कातडीवर ठेवला. खांद्यापासून खाली, हळूहळू. जिथे जळलेली कातडी संपते आणि चांगली सुरू होते, तिथे एक जाड, दातेरी काठ आहे. पोरीची बोटे त्या काठावरून फिरली.

“लावला हात?” सुभद्राबाई म्हणाली. “आता तिकडं पुन्हा टेकायचं न्हाई.”

मग दुसरी आली. मग तिसरी. जाळ घालणारा गडी लाकडे टाकून आला. स्टिकर आणि वॉरंटी सांगणाराही आला, आणि त्याने टोपी काढली. हात लावून झालेली माणसे शेताच्या पार पलीकडच्या कडेला, उन्हात, जाऊन उभी राहत होती. मागे सांधा सूं सूं करतच होता.

रांग संपली तेव्हा सुभद्राबाईने बाही खाली केली नाही. तिने माझ्याकडे पाहिले.

“या, पेंटरभाऊ. तुमी बी लावा.”

बावीस वर्षे मी त्या हाताकडे पाहिलेही नव्हते. मी काठी खाली ठेवली, पुढे झालो, आणि हात उचलला. तो थरथरत होता. याबद्दल मी कोणाशी भांडणार नाही.